टिकावाचा टिकाव

यंदाच्या सुटीत आमच्या नातवाने मला ‘माइनक्राफ्ट’ शिकवायचे मनावर घेतले. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्णपणे तयार होऊन बाजारात आला. सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे! हातांनी झाड तोडायचे, त्या लाकडाच्या टिकावाने दगड फोडायचा, दगडी टिकावाने लोखंड काढायचे आणि लोखंडी टिकावाने हिरा. असा शून्यातून संसार उभा करायचा. मी मनात म्हटले, पोरखेळ! पण या पोरखेळाने माझी चांगलीच फजिती केली.

त्याचे असे झाले. नातवाने मोठ्या खटपटीने तीन हिरे मिळवून एक टिकाव घडवला होता. ऑब्सिडियन नावाचा काळा दगड त्याहून हलक्या टिकावाने हाती लागत नाही, आणि पाताळात जायच्या दरवाजाला तसे दहा दगड तरी हवेत. “आजोबा, जपून हं!” म्हणत त्याने तो टिकाव माझ्या हवाली केला आणि तो जेवायला गेला. मी त्याने माती उकरली, दगड फोडले, झोंबी नावाचे हिरवे भूत अंगाशी झोंबू लागले तेव्हा त्यालाही त्यानेच बडवले. चार संध्याकाळी हाच उद्योग! टिकावाच्या चित्राखालची हिरवी रेघ पिवळी झाली, मग लाल झाली. मला वाटले, शोभेची असेल. आणि खाडकन् आवाज होऊन टिकाव नाहीसा झाला!

पोर रागावले नाही. मुकाट्याने लाकडी टिकाव करायला बसले. ते मुकेपणच मला अधिक लागले.

मग त्यानेच मला हिशेब समजावला. लाकडी टिकाव ५९ ठोकळे फोडतो, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याचा १५६१. सोन्याचा मात्र अवघे ३२! सोने मिरवावे, राबवू नये. मातीला फावडे घ्यावे, भुताला तलवार. टिकावाने भूत मारले तर झीज दुप्पट, आणि तलवारीने ठोकळा फोडला तरी तेच. एकाच जातीची दोन झिजलेली अवजारे जोडली, तर दोघांचे उरलेले आयुष्य एक होते, वर पूर्ण आयुष्याचा विसावा हिस्सा बक्षीस. ऐरणीवर एकेक हिरा खर्चून पाव पाव आयुष्य परत मिळते. पण दर खेपेला दुरुस्ती महागते आणि शेवटी ऐरण साफ नकार देते.

त्यानंतर मी आठवडाभर दगडी टिकावाने भुयारे खणली, लोखंडी टिकाव केवळ हिऱ्यांसाठी राखून ठेवला, आणि तीन हिरे जमल्यावर नवा टिकाव नातवाच्या हाती दिला. त्याने तो घेतला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

“दरवाजाचे दगड तुम्हीच काढा, आजोबा. पण वाटेत भूत भेटलं तर तलवार घ्या हं!”