'ऊझ': नुसते हळू वाहणे नव्हे

शब्दकोशात 'ऊझ' या इंग्रजी क्रियापदापुढे 'पाझरणे, झिरपणे' एवढेच वाचून विद्यार्थी पुढे जातात आणि वाक्य करताना अडतात. (उच्चारातला 'झ' 'झाड'मधल्यासारखा.) अर्थाच्या छटा समजल्या, तर हे क्रियापद नेमके वापरता येते.

गैरसमज : हळू वाहणारे काहीही 'ऊझ' होते.
वस्तुस्थिती : नदी कितीही संथ असली, तरी तिला 'फ्लो'च. 'ऊझ'मध्ये बहुधा दाटपणा आणि चिकटपणा असतो, शिवाय फटीतून किंवा भेगेतून बाहेर येणे असते. खोडातला डिंक, ट्यूबमधली पेस्ट, बोटांच्या फटीतून वर येणारा चिखल यांना ते शोभते. थेंबाथेंबाने ठिबकण्याला 'ड्रिप', नळ गळण्याला 'लीक', जमिनीत पाणी मुरण्याला 'सीप' म्हणतात.

गैरसमज : हा शब्द फक्त रक्त-पू यांच्यासाठी आहे.
वस्तुस्थिती : जखमेतून लस येते तेव्हा डॉक्टर 'ऊझिंग' म्हणतात, हे खरे. पण सँडविचमधून बाहेर येणारे वितळलेले चीजही 'ऊझ' होते, आणि ते वर्णन तोंडाला पाणी आणणारे असते.

गैरसमज : कर्ता नेहमी द्रवपदार्थच असतो.
वस्तुस्थिती : 'पस ऊझ्ड फ्रॉम द वूंड' आणि 'द वूंड ऊझ्ड पस' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिल्यात पू कर्ता, दुसऱ्यात जखम. म्हणूनच 'शी ऊझेस कॉन्फिडन्स' असेही म्हणता येते : तिच्या वागण्याबोलण्यातून आत्मविश्वास ओसंडतो.

गैरसमज : माणसाबद्दल वापरले की ती स्तुतीच.
वस्तुस्थिती : 'ही ऊझेस चार्म' यात कधी कौतुक असते, तर कधी 'याचा गोडवा जरा अतीच आहे' अशी शंका. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भ ठरवतो.

गैरसमज : चिखल या अर्थाचे 'ऊझ' हे नाम याच क्रियापदातून आले.
वस्तुस्थिती : दोघांची मुळे वेगळी. क्रियापदामागे जुन्या इंग्रजीतला रस या अर्थाचा शब्द आहे, तर चिखलवाचक नामामागे दुसराच. काळाच्या ओघात दोघांचे रूप एक झाले. खोल समुद्राच्या तळावरच्या ज्या गाळात किमान 30 टक्के भाग सूक्ष्म जीवांच्या कवचांचा असतो, त्याला समुद्रविज्ञानात 'ऊझ'च म्हणतात.

वाक्य लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पदार्थ दाट आहे का? तो हळू येतो आहे का? आतून बाहेर येतो आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर निःशंकपणे 'ऊझ' लिहावे.