खाकी गणवेशांतील लेकी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत एके काळीं मुलीनें फार तर शिक्षिका वा परिचारिका व्हावें, एवढीच कुटुंबाची मजल असे. आज पुसद, वणी, उमरखेड इकडील मुलीहि पोलीसभरतीस जातात. राज्यांत भरतीच्या ३० टक्के जागा स्त्रियांकरितां राखलेल्या आहेत. याचा अभिमान वाटणें योग्यच. परंतु जी दुसऱ्यांच्या रक्षणास उभी राहते, तिचें रक्षण ठाण्याच्या चार भिंतींआड कोणीं करावयाचें?

आज्ञापालन हा या खात्याचा प्राण. कामाची वांटणी, रजा, गोपनीय शेरा, सर्व वरिष्ठाच्या हातीं. त्याचीच नजर वांकडी झाली तर कुंपणानेंच शेत खाल्लें असें होतें. आणि तक्रार केल्यास आपणच बेशिस्त ठरूं, या भयानें मुलगी मूग गिळून बसते.

यावर उपाय आहे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विशाखा प्रकरणांत नियम घालून दिले व २०१३ सालीं कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कार्यालयास अंतर्गत समिती नेमणें भाग आहे. अध्यक्षपदीं वरिष्ठ स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेंतील. यांतील मर्म त्या बाहेरच्या सदस्यांत आहे. त्याची बढती खात्यांतील कोणाच्याहि हातीं नसते. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यावी; सबळ कारण असल्यास आणखी ३ महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. तोंवर बदली वा ३ महिन्यांपर्यंत रजा मागतां येते.

मात्र समिती कागदावरच राहिली तर उपयोग काय? पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या प्रकरणांत २०१२ सालीं न्यायालयानें, समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईंत चौकशी-अहवाल मानावा, असें बजावलें. २०२३ सालीं गोवा विद्यापीठासंबंधींच्या प्रकरणांत समित्या खरोखर नेमल्या आहेत कीं नाहींत, हें तपासण्याची आज्ञा झाली. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. समितीनें दर वर्षीं जिल्हा अधिकाऱ्याकडे अहवालहि धाडावयाचा असतो.

कायद्याचें काम येथवर. पुढचें घरच्या वडीलधाऱ्यांचें. मुलगी रुजू होतांच समितीवर कोण आहे, हें तिनें विचारून ठेवावें. कांहीं घडल्यास तारीख, वेळ, संदेश जपून ठेवण्यास तिला साह्य करावें. “घराण्याची अब्रू” म्हणून तिचें तोंड बंद करूं नये. अब्रू जाते ती अपराध्याची.