टायरमधलं सीलंट: कुणी घालावं, कुणी नको

गाडी सर्व्हिसिंगला दिली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "टायरमध्ये सीलंट टाकून देऊ का? पंक्चरची कटकटच नको." कटकट मिटत नाही, लांबणीवर पडते. असं लांबणीवर पडणं कधी फार मोलाचं असतं आणि कधी धोक्याचं. ते कळायला टायरच्या आत काय घडतं हे आधी पाहायला हवं.

सुरुवात चाकापासून करा. अलॉय व्हीलच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना ट्यूबलेस टायर येतात. टायरची कड रिमला घट्ट बसते आणि हवा थेट टायरमध्येच राहते. खिळा घुसला तरी टायरचं जाड रबर त्याला आवळून धरतं, त्यामुळे हवा हळूहळू उतरते. स्पोकच्या रिमला मात्र प्रत्येक स्पोकसाठी एक भोक असतं, म्हणून तिथे ट्यूब लागते. (हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोक चाकं मिळतात, पण असे अपवाद थोडे.) ट्यूबचं रबर पातळ आणि ताणलेलं. घुसलेला खिळा चाकाबरोबर फिरताना ट्यूबमध्ये हलत राहतो, भोकाची चीर होते आणि हवा रिमच्या भोकांतून भसकन निघून जाते. सीलंट भोक बुजवू शकतं, चीर नाही. बाभळीच्या काट्याने पडलेलं बारीक छिद्र ट्यूबमध्येही बुजतं, पण खिळ्यासमोर त्याचा भरवसा धरू नये. शिवाय सीलंट पाझरलेल्या ट्यूबवर सोल्यूशन नीट धरत नाही आणि पंक्चर काढणारा वैतागतो. बुलेटसारखी ट्यूबवाली गाडी असेल तर माझं मत सरळ आहे: सीलंटच्या पैशात एक चांगली ट्यूब घेऊन ठेवा.

मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या बऱ्याच सीलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल असतं. हेच ग्लायकॉल रेडिएटरच्या कूलंटमध्येही असतं. त्यात बारीक तंतू, रबराचे कण आणि द्रव दाट ठेवणारा पदार्थ मिसळलेला असतो. ग्लायकॉलमुळे ते लवकर सुकत नाही आणि थंडीत सहज गोठत नाही. सायकलवाले वापरतात ते रबराच्या चिकाचं, म्हणजे लॅटेक्सचं सीलंट वेगळं. ते काही महिन्यांतच सुकतं.

गाडी उभी असताना हा द्रव टायरच्या तळाशी साचलेला असतो. म्हणूनच सकाळी निघाल्यावर पहिल्या काही मीटरांत काहींना चाक किंचित थरथरल्यासारखं वाटतं. वेग घेतला की चित्र पालटतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना मोटारसायकलचं चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेतं आणि टायरच्या आतल्या द्रवावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ९० पट जोर येतो. तो बाहेरच्या दिशेला फेकला जातो आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आतून एक थर धरतो. तिथे खिळा घुसून निघाला की आतली हवा बाहेर पडताना द्रवाला भोकात ढकलते. पाणी पुढे सरकतं, तंतू मात्र मोरीच्या जाळीत केस अडकावेत तसे भोकात आडवे अडकतात. त्यांच्यामागे रबराचे कण येऊन बसतात आणि बूच तयार होतं. गाडी चालत राहिली तरच हे नीट होतं. म्हणून खिळा काढल्यावर हवा भरून लगेच दोन-चार किलोमीटर गाडी चालवायची असते.

मर्यादाही यातूनच येतात. द्रव बाहेर फेकला जातो म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर तो फारसा नसतोच. ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यामुळे तिथलं बूच टिकणारही नाही. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक, काचेने गेलेला काप किंवा खड्ड्यात आपटून वाकलेली रिम यांपुढे सीलंट हतबल आहे. एक-दोन वर्षांत ते दाट होऊन त्याच्या गुठळ्या होतात, मग चाकाचा तोलही बिघडतो. हलक्या प्रतीच्या सीलंटमधलं पाणी रिमला गंज चढवतं. महागड्या गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर चाकात असतो. त्याचं तोंड बुजू नये म्हणून सेन्सरला चालेल असं लिहिलेलंच सीलंट घ्यावं लागतं.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. चांगलं सीलंट पंक्चर लपवतं. खिळा टायरमध्ये रुतलेला असतो, हवा थोडी उतरते आणि थांबते, आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. कमी हवेवर टायरची भिंत जास्त वाकते, तापते आणि आतून खचू लागते. त्यात डबल सीट, सामान आणि घाटातलं वळण. सीलंट घातल्यावर हवा तपासणं कमी करता येत नाही, उलट वाढवावं लागतं. आठवड्याला एकदा, टायर थंड असताना, आणि त्याच वेळी चाक हाताने फिरवून रबरावर खिळ्याचं डोकं चमकतंय का ते पाहायचं. जो हे करणार नाही त्याने सीलंट घालू नये, असं मी आग्रहाने म्हणेन.

मग घालावं कुणी? ट्यूबलेस टायर असून रात्री-अपरात्री एकट्याने घरी येणाऱ्यांनी: रात्रपाळीच्या नर्सने, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने, ताम्हिणी-वरंधासारख्या घाटातून उशिरा उतरणाऱ्याने. अंधारात गाडी थांबवणं हाच जिथे मोठा धोका आहे, तिथे घरापर्यंत टिकणारी हवा अमूल्य आहे. शहरात, कोपऱ्यावर टायरवाला असताना, रबराच्या वाती असलेलं पंक्चर किट आणि छोटा पंप डिकीत ठेवलात तरी भागतं.

घालायची पद्धत सोपी आहे, घाई मात्र नको. गाडी मेन स्टँडवर घ्या. व्हॉल्व्ह अगदी तळाशी न ठेवता घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी आणा. टोपी काढून व्हॉल्व्हची पिन फिरवून बाहेर घ्या. हवा फुसकन सुटते तेव्हा पिन उडते, म्हणून ती बोटांत धरून ठेवा आणि धुळीत ठेवू नका. बाटली खूप हलवा, कारण तंतू तळाला बसलेले असतात. मोटारसायकलला बहुधा दर चाकी २०० ते ३५० मिलिलिटर लागतं. नेमकं माप बाटलीवरच्या कोष्टकात टायरच्या आकारासमोर दिलेलं असतं. नळी व्हॉल्व्हवर बसवून सावकाश पिळा. ब्रेकच्या डिस्कवर थेंब पडला तर लगेच धुऊन पुसा, ग्लायकॉल निसरडं असतं. पिन बसवा, कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि थोडं फिरून या.

पुढे कधी खिळा सापडला आणि सीलंटने भोक धरलं, तरी पहिल्या सवडीला टायर उतरवून आतून पॅच मारून घ्या, कारण भोकातून आत जाणारं पाणी टायरच्या थरांत मुरतं. दुकानात गेल्या गेल्या टायरवाल्याला आत सीलंट आहे हे सांगा. पिन काढताना तोंडावर उडणार नाही एवढी काळजी तो घेईल, आणि पॅच लावण्याआधी आतली बाजू धुऊन कोरडी करील.