शेळीच्या डोळ्यातली बाहुली

दोस्तांनो, शेळीच्या डोळ्यातली बाहुली कशी असते, सांगा पाहू! गोल? चूक! ती आडवी असते, लांबट पट्टीसारखी. चरता चरता दोन्ही बाजूंनी येणारा शत्रू दिसावा म्हणून ही सोय. भिवंडीत शेळ्यांना काय तोटा? गल्लीत, यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर, भाजीवाल्याच्या हातगाडीमागे... रोज दिसतात. पण चित्र काढायला बसलो की आपण पोटाखाली चार काठ्या आणि डोळ्यात एक गोल ठिपका देऊन मोकळे!

यावर उपाय आहे. फोटो समोर ठेवून रोज एक प्राणी स्क्रीनवर रंगवायचा. फक्त २० मिनिटं. कॉम्प्युटर असेल तर क्रिता हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, नसेल तर घरातला मोबाइल आणि आपलं बोट पुरे.

फोटो कशाला हवा? ऐका. १५१५ साली गोव्याहून एक गेंडा जहाजातून पोर्तुगालला गेला. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीजांना भेट दिला होता. जर्मनीतल्या ड्यूरर या थोर चित्रकाराने त्याचं चित्र केलं, पण गेंडा न बघता! कुणी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावरच. झालं, गेंड्याच्या पाठीवर आणखी एक छोटं शिंग उगवलं. पुढे दोनशेहून जास्त वर्षं त्याच चित्राच्या नकला होत राहिल्या.

बघूनही फसायला होतं, बरं का. चौखूर धावणारा घोडा चित्रकार पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून काढत. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. घोड्याचे चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात!

आता कामाला लागू. आधी धड, मान, डोकं यांचे मोठे आकार मांडा. डोळा सगळ्यात शेवटी. मागच्या पायाला 'उलटा गुडघा' दिसतो ना? तो गुडघा नव्हेच, टाच आहे. चवड्यांवर उभे राहा, म्हणजे कळेल. फोटोवर लेअर ठेवून गिरवू नका. गिरवलेली शेळी हुबेहूब येते, पण दुसऱ्या दिवशी फोटो काढून घेतला की हात अडतो. ड्रॉपरने फोटोतला रंग उचलणं हीसुद्धा तसलीच चोरवाट. आधी अंदाजाने रंग लावा, मग ड्रॉपरने ताडून बघा, किती चुकला ते.

फोटोही थापा मारतो हं! मोबाइल तोंडाजवळ नेलात तर शेळीचं नाक भोपळ्याएवढं येतं. दोन पावलं मागे सरून काढा. फोटो दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा आणि चित्राखाली त्याचं नाव लिहा.

एक आठवडा शेळीच घ्या. समोरून, मागून, बसलेली, पोस्टर खाताना. मग कामवारी नदीकाठचा बगळा. तो सोपा वाटतो, पण पांढऱ्यावर सावली दाखवताना घाम फुटतो. आणि त्यानंतर तबेल्यातली म्हैस. तिच्या पाठीवर आभाळाची निळी झाक असते, पोटाखाली मातीची तांबूस. काळ्या रंगाला हात न लावता ती रंगवून बघा!