वीज चमकली, रेडिओ का खरखरला?

दूर ढगात वीज चमकते. त्याच क्षणी रेडिओत खर्रकन आवाज होतो. गडगडाट मागाहून येतो. वीज तिकडे, रेडिओ इकडे. मधे तार नाही. मग ही खरखर आली कशी?

विहिरीत खडा टाकून बघा. पाणी हलतं, लाटा उठतात आणि काठापर्यंत जातात. विजेचंही तसंच आहे. तारेतून एकाच चालीनं वाहणारी वीज लाटा उठवत नाही. पण वीज जोरानं मागंपुढं हलली, की तिच्याही लाटा उठतात. त्यांना विद्युत्-चुंबकीय लहरी म्हणतात. नाव मोठं, पण गोष्ट सोपी. या लहरींना तार लागत नाही, हवाही लागत नाही. त्या एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. आवाज सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो. म्हणून गडगडाट मागं राहतो.

ही गोष्ट जर्मनीतले शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७ साली करून पाहिली. त्यांनी धातूच्या दोन गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली. काही अंतरावर तारेचं कडं ठेवलं. कड्याला बारीक फट होती. इकडे ठिणगी पडली, की तिकडे फटीतही इवलीशी ठिणगी पडे! पुढं १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात याच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली.

रेडिओ केंद्राच्या उंच मनोऱ्यात हेच चालतं. तिथं वीज ठरावीक ठेक्यानं हलवतात. मीडियम वेव्हवर ती सेकंदाला लाखो वेळा हलते. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणं लहरीचा जोर कमीजास्त करतात. आपला रेडिओ ती लहर पकडतो आणि तिचा पुन्हा आवाज करतो.

आकाशातली वीज म्हणजे अशीच एक अफाट ठिणगी. तिच्या लहरींना ठेका नाही. म्हणून रेडिओत नुसती खरखर उठते.

ही खरखर म्हणजे निरोप समजा. मीडियम वेव्हवर ती वारंवार येऊ लागली, की आभाळाकडं लक्ष ठेवा. एफ. एम. वर ती सहसा ऐकू येत नाही, तेव्हा तिच्यावरच विसंबू नका. गडगडाट कानी आला, की शेतातलं काम थांबवा. झाडाखाली उभं राहू नका. पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. राहिलेलं काम मागाहून होतं. गेलेला जीव परत येत नाही.