थकवा की थायरॉईड?



ऊस पिवळा पडला की आम्ही सांगतो, लगेच युरियाची गोणी फोडू नका, आधी माती तपासा. लोह कमी असेल तर युरियानं भागत नाही. हे शहाणपण आम्ही घरी मात्र विसरलो.

आमच्या सौ. वर्षभर म्हणत होत्या, अंग जड वाटतं, थंडी सोसत नाही, केस गळतात, पाळी पुढंमागं होते. जेवण बेताचं, तरी वजन वाढतंय. आम्ही म्हणालो, "कामाचा शीण असंल." रक्त कमी असलं तरी थकवा येतो, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिनबरोबर टी.एस.एच. तपासायला लावलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली होती. तिचं संप्रेरक अपुरं पडलं की सगळ्या शरीराचा वेग मंदावतो.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानं. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नये. दिवस राहिल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे. बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

आयोडीनयुक्त मीठ, चौरस आहार, पुरेशी झोप अन् घरच्यांनी उचललेला कामाचा वाटा हेही हवंच. पण गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे. शेणखत घातलं म्हणून पाणी द्यायचं कोणी सोडतं का?

उसाचं पान आपण रोज निरखतो. घरातल्या माणसाचा चेहराही निरखावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी