टेल म्हणजे शेपूट



आमच्या कळंबच्या बाजूला इंग्रजीचे एक अक्षरही न येणारा माणूस एक इंग्रजी शब्द दिवसातून चार वेळा उच्चारतो. तो शब्द म्हणजे ‘टेल’. “पाणी टेलला पोचलं का?” हा प्रश्न उन्हाळ्यात पारावर, टपरीवर, फार काय लग्नाच्या मांडवातही ऐकू येतो. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे इंग्रजी मी जुन्या बाजारातून आणलेल्या एका कोशावर आणि फलकावरच्या नोटिसा वाचता वाचता शिकलो. त्या कोशात ‘टेल’चा पहिला अर्थ ‘शेपूट’ असा निघाला, तेव्हा मला हसू आले. माझ्या मामांचे रान टेलला. म्हणजे आमचे आजोळ कालव्याच्या शेपटावर!

त्यापूर्वी हा शब्द मला कारखान्यात भेटला होता. मी टर्नर होतो. लेथच्या एका अंगाला हेडस्टॉक असतो. तो जॉब धरतो आणि फिरवतो. दुसऱ्या अंगाला टेलस्टॉक असतो. तो स्वतः काही फिरवीत नाही, नुसता टेकू देतो. पण लांब शाफ्ट लावला आणि टेलस्टॉक सैल राहिला, तर शाफ्ट थरथरतो, हत्याराच्या खुणा उमटतात आणि दिवसभराची मेहनत भंगारात जाते. नवा पोरगा नेहमी हेडकडे पाहत राही. जुना मिस्त्री आधी टेलस्टॉक आवळी.

आगगाडीचेही तसेच. शेवटच्या डब्याला दिवसा एक पाटी असते, रात्री तांबडा दिवा असतो. दौंडकडून बारामतीला जाणारी गाडी स्टेशनातून पुढे निघाली की तेथला माणूस ती शेवटची खूण पाहतो. खूण दिसली, तर गाडी सबंध आली. न दिसली, तर काही डबे मागे रुळावर राहिले असण्याचा संभव असतो, आणि मागचा मार्ग मोकळा झाला असे धरता येत नाही. इंजिन कितीही दिमाखात येवो, गाडी आली की नाही हे शेपूट सांगते.

बाकीचे अर्थ आपल्या परिचयाचे आहेत. नाण्याची मागची बाजू इंग्रजीत टेल. आपण छापा-काटा म्हणतो. शेवटचे फलंदाज टिकले की आपली वर्तमानपत्रे ‘शेपूट वळवळले’ असे लिहितात. धूमकेतूला मात्र आपल्या लोकांनी शेपूट न देता शेंडी दिली आणि त्याला शेंडेनक्षत्र म्हटले. गंमत अशी, की हे शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते. म्हणून धूमकेतू सूर्यापासून परत फिरला, की शेपूट पुढे आणि डोके मागे अशी त्याची स्वारी निघते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टेलर, रिटेल, डिटेल या शब्दांत ‘टेल’ ऐकू येते, पण ते शेपूट नव्हे. ते शब्द कापणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आले. उलट रेशनच्या दुकानापुढचा ‘क्यू’ कानाला वेगळा, पण त्याचा फ्रेंच भाषेतला मूळ अर्थ शेपूटच. भित्र्याला इंग्रजीत ‘कॉवर्ड’ म्हणतात, त्याच्याही मुळाशी शेपटाचाच लॅटिन शब्द आहे. आपण ‘शेपूट घातले’ म्हणतो. म्हणजे कुत्रे सगळीकडे सारखेच! संघटनेत तर शेपटांवाचून आमचे पान हलत नाही. आमचा एक खटला अकरा वर्षे चालला. सभासद त्याला मारुतीचे शेपूट म्हणत. निकाल लागला, पण थकबाकीचा शेवटचा हप्ता येईना, तेव्हा हत्ती गेला आणि शेपूट राहिले.

आता कालव्याकडे वळू. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. भाटघरच्या साठ्यावर चालणारा हा कालवा पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येतो. १९२८ मध्ये भाटघरला लॉइड धरण झाले आणि साठा पुष्कळ वाढला. तरी टेलची तक्रार संपली नाही, कारण ती नुसत्या साठ्याची नाही. पाणी वाटेत जमिनीत मुरते, उन्हाने उडते, गवताने आणि गाळाने अडते. कालवाही टेलकडे अरुंद होत जातो, कारण बांधतानाच तेथे थोडेच पाणी उरणार हे धरलेले असते. म्हणून ‘वरून जास्त सोडा’ एवढ्याने काम भागत नाही. शिवाय वर ऊस उभा. तो वर्षभर, कधी दीड वर्ष पाणी मागतो. वर दोन तास जास्त दार उघडे राहिले, तर खाली कोणाची तरी ज्वारी करपते. आणि ज्याने दार उघडे ठेवले त्याला ती दिसतही नाही.

यावर ‘टेल टू हेड’ अशी पद्धत आहे: पाळी शेवटच्या रानापासून सुरू करायची आणि वर वर यायचे. वरच्याची पाळी शेवटी आली, म्हणजे कालवा वाहता ठेवण्यात त्याचाही स्वार्थ राहतो. कागदावर हे तीन शब्द फार सोपे आहेत. रात्री बॅटरी घेऊन चारीच्या कडेने मैलभर वर चालत जाऊन, कोणाचे दार उघडे आहे ते पाहणे, शेजाऱ्याशी न भांडता ते लावून घेणे आणि पाण्याच्या आधी आपल्या रानात परत पोचणे, हे सोपे नाही. मामांनी ते चाळीस वर्षे केले. पाणी आले की ते मामींना हाक मारून एवढेच म्हणत, “शेपटाला ओल लागली गं.”